माळवदावरची माती

“सटवा, काय म्हणतीय तुळई?” तुळजाबाईने खालून विचारले.

सटवा सुतार शिडीवर उभा राहून माळवदाचे सपाट मातीचे छत पेलणाऱ्या तुळईला कान लावून होता. श्रावणातली झड हटायचे नाव घेत नव्हती. तुळईखाली बाजेवर तुळजाबाईची सून छबुबाई निजली होती, तिच्या कुशीत परवा जन्मलेले पोर. छबुबाईचा नवरा आष्टीच्या बाजाराला गेला तो पुरामुळे नदीपलीकडेच अडकलेला. सटव्याने तुळईच्या चिरेत बोट घातले. सकाळी तिथे नखही शिरत नव्हते.

“वर माती लई झालीय, काकू. जुनी कधी खरवडली व्हती?”

तुळजाबाईने वर पाहिले. पडक्या गढीची पांढरी माती दर उन्हाळ्यात आणायची, आधी जुना थर खरवडायचा, मग नवा पसरायचा, असे सासूने शिकवले होते. पण खरवडले की माळवद गळेल, ही तिची धास्ती. सासू गेल्यापासून ती नुसती चढवतच आली होती. गावातली सगळी घरे गळत, तिचे नाही, आणि चारचौघींत ती ते मिरवायचीही. तुळई मात्र लिंबाची; सागाला निजाम सरकारचा शिपाई हात लावू देत नसे.

“एखादा धिरा दे की खालून टेकू लावून.”

“लाकूड आणस्तोवर तुळई थांबंल असं वाटत न्हाई. बाळंतिणीला भाईर काढा.”

“ह्या गारठ्यात? वारं लागलं म्हंजे? कच्ची बाळंतीण हाय.”

“आत्याबाई,” छबुबाई हळूच म्हणाली, “वरून माती पडतीय.”

लेकराच्या कपाळावर पांढरी धूळ होती. वर लाकूड करकरले.

तुळजाबाईने लेकराला लुगड्यात गुंडाळून सटव्याच्या हातात दिले, सुनेला घोंगडे पांघरले आणि स्वतः तुळई पेलणाऱ्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. तिच्या पाठीने काय होणार होते, देव जाणे. पण तिघे उंबरा ओलांडेपर्यंत ती हलली नाही.

“काकू, सोडा आता!” सटवा बाहेरून ओरडला.

ती अंगणात पोचते न पोचते तोच मागे छताचा सगळा खण खाली आला. शेजारच्या ओसरीत लेकरू रडले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप झाली. ढिगाऱ्याभोवती माणसे जमली.

“तुमी बसा, काकू. आमी काढतो,” सटवा म्हणाला.

“न्हाई. मीच चढवलीय.”

तिने पदर खोचला, पाटी भरली. ओली माती उचलेना. तिने अर्धी खाली ओतली आणि उरलेली डोक्यावर घेतली.