शेवटच्या नंबराचा हार

बक्षिसाच्या दिवशी आमच्या शाळेत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे नंबर माइकवरून वाचतात. कुणाची अक्कल किती, ते गावभर कळायला नको का!

"अडतीसपैकी अडतिसावी, फुसी," हेडमास्तरांनी वाचलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. फुसी माझी भाची. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने सोआकाईने, मान खाली घातली आणि तो दातओठ खात म्हणाला, "झालं हिचं शिक्षण. उद्यापासून घरी बसून चटया विणू दे."

माझं डोकंच फिरलं. गणितात अकरा मार्क पडले, मान्य. पण अहो, पोरगी चौदा वर्षांची. रविवारी चर्चमध्ये पन्नास माणसं चार वेगवेगळ्या सुरांत गातात ती हिच्या हाताच्या इशाऱ्यावर. त्यातला एक जरी घसरला, तरी ती बरोबर त्याच्याकडेच वळून बघते. बहुतेक वेळा हेडमास्तरांकडे! आणि त्यांनी म्हणायचं, पोरगी ढ?

मी गोळ्या-चॉकलेटांचा हार करून आणला होता, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. तो घेऊन उठले.

"लोसेबाई, पहिला नंबर त्या बाजूला उभा आहे," हेडमास्तर म्हणाले.

"डोळे फुटले नाहीत माझे," मी म्हटलं आणि हार फुसीच्या गळ्यात घातला.

"आत्या, लोक हसतायत गं."

"हसू देत. किडलेले दात तरी दिसतील त्यांचे."

मग भावाकडे वळले. "सोआकाई, पोरगी शाळेत जाणार. ऐकलंस?"

आमच्या टोंगा बेटांवर बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही, आणि भावाच्या पोरांवर तर आत्याचाच हक्क. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तू म्हणशील तसं, ताई."

शेवटी प्रार्थनागीत होतं. सगळे उभे राहिले. पहिला सूर कोण देणार? हेडमास्तरांनी सवयीने फुसीकडे बघितलं. मग सगळ्या शाळेनेच बघितलं.

फुसीने घाई केली नाही. हारातली एक गोळी सोडवली, तोंडात टाकली आणि सावकाश चघळत राहिली. हेडमास्तर माइक धरून उभे. पहिला नंबर तोंड उघडून उभा. तिचा बापही उभा.

गोळी संपली. मग तिने सूर दिला.