शेवयांचा देव आणि आईची सही

सोळावा सोमवार. दिवसभराच्या उपासानं शालूबाईंचे ओठ सुकले होते, पण मन निवांत होतं. पूजा आटपून त्यांनी प्रसादाच्या चुरम्याचे तीन भाग केले. एक देवाचा, एक गाईचा, एक घरचा. तेवढ्यात क्रांतीनं राजारामपुरीतल्या क्लासचा फॉर्म पुढं सरकवला.

"आई, सही कर की. सातला बंद करत्यात."

ह्याच लेकीसाठी धरलेलं व्रत. शालूबाईंनी पेन उचललं आणि नजर 'धर्म' लिहिलेल्या रकान्यावर अडली. पास्ताफारियन.

पोर कुणाच्या नादाला लागली म्हणायची?

"हे काय गं?"

"नेटवरचा चेष्टेचा धर्म हाय. शेवयांचा उडता देव!"

"आणि नाव असलं?"

"दोन शब्द जोडल्यात. पास्ता म्हंजे शेवयांचाच प्रकार. दुसरा रास्ताफारी. तिकडं जमैकात त्या पंथाचे लोक हायत, जटा राखत्यात. इथिओपियाच्या राजाला देव मानत्यात. गादीवर बसायच्या आधी त्याचं नाव रास ताफारी. रास म्हंजे सरदार."

"ते बी चेष्टाच करत्यात?"

"न्हाय. ते मनापासनं मानत्यात."

शालूबाईंचा आवाज खाली गेला. "म्हंजे कुणाचा तरी खरा देव अर्धा कापला, आणि त्याला शेवया जोडल्या."

क्रांतीचं हसू ओसरलं.

"तू मानतीस हे?"

"गंमत हाय गं!"

"मग खोटं हाय. व्रताच्या दिवशी खोट्याखाली सही कशी करू? खरं असंल तर तसं सांग. रडीन, पण सही करीन."

क्रांतीनं पेन घेऊन तो शब्द खोडला. पेन तिथंच घुटमळत राहिलं.

"काय लिहू? मी देव मानते का न्हाय, मलाच कळंना झालंय."

शालूबाईंनी देवाकडं पाहिलं. सोळा सोमवार, आणि पदरात हे? पण पोरगी खोटं बोलत नव्हती.

"राहू दे मोकळं," त्या म्हणाल्या आणि सही केली. मग घरच्या भागातला चुरमा उचलला.

"मला चालतोय?" क्रांतीनं विचारलं.

"घरचा भाग हाय. घरातली हायस नव्हं?"

क्रांतीनं हात पुढं केला. प्रसादाला कुठला हात येतोय, ते शालूबाईंनी पाहिलं.

उजवा होता.