भाट्याच्या वाळूवरचं काळीज

मार्गशीर्षातली पहाट. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीने मागे टाकलेली वाळू. ओली, घट्ट, पारव्याच्या पंखासारखी करडी-निळी. सुरूच्या बनातून मंद, मोतिया, दवभिजला प्रकाश झिरपत होता.

त्या प्रकाशात वृंदा खानविलकर उभी होती. पंचेचाळिशी ओलांडलेली, पायांत कोरे पांढरे बूट, आणि ओढणीआड, छातीच्या मधोमध, शस्त्रक्रियेचा उभा गुलाबी व्रण.

आज इतक्या वर्षांनी मागे पाहताना तिला ती बाई दुसरीच कुणी वाटते.

आदल्या वर्षी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून सारं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालायचं. कळशी उचलू नकोस. जिना चढू नकोस. मोठ्याने हसूसुद्धा नकोस. श्रीधर, तिचा नवरा, तिच्या श्वासाकडे कान लावून बसलेला असायचा. प्रेमच होतं ते. पण भयव्याकुळ, जागरणाने लाल झालेलं प्रेम. आणि तिलाही निवांत क्षणी छातीतली ती बारीक धातूची टिकटिक ऐकू यायची. परक्याचं घड्याळ सांभाळावं तशी ती स्वतःला सांभाळायची.

मग एकदा डॉक्टर म्हणाले, "आता थोडं थोडं धावलात तरी चालेल."

श्रीधरने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने ऐकलं.

म्हणून त्या पहाटे ती धावली. धावली कसली, अडखळली, डुलली, पुन्हा सावरली. वारा ओढणीत शिरला. पोटऱ्या पेटल्या. श्वास काटेरी झाला, आणि छातीत ठोक्यांचा असा कल्लोळ उसळला, की तिला वाटलं, संपलं. हेच ते, इतके दिवस दाराशी थांबलेलं.

मागून श्रीधर धावत आला, चपला हातात घेऊन. "वृंदा! अगं थांब! काय करतेस हे?"

ती थांबली. वाकली. तळहात व्रणावर ठेवला. आत ते धडधडत होतं. दांडगं, बेभान, जिवंत. मग हळूहळू, लाट ओसरावी तसं, शांत झालं. थांबलं मात्र नाही.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "हे चालतंय."

आणि मोठ्याने हसली. श्रीधर वाळूतच बसला, आणि तोंड झाकून रडला.

त्यानंतर ती धावत राहिली. कितीतरी हिवाळे, कितीतरी ओहोट्या. श्रीधर किनाऱ्यालगतच्या दगडी बांधावर बसायचा. आधी धास्तावून, मग सवयीने, मग पेपर वाचत. त्याच्या काळजाची कधी कुणी चौकशी केली नाही, त्यानेही नाही. गेल्या भाद्रपदात, दुपारचा चहा घेता घेता, ते काळीज एकाएकी थांबलं.

ज्याला जपलं ते राहिलं, जपणारं गेलं.

लोकांनी तिला पुन्हा सांगितलं, आता जपा. तिने मान हलवली. थंडी पडली, आणि एका सकाळी तिने बुटांच्या नाड्या बांधल्या.

बांध रिकामा होता. ती धावू लागली. संथ, एकसुरी, कोरड्या डोळ्यांनी. मागे डोंगरावरून सूर्य वर आला, आणि तिची सावली तिच्यापुढे पडली. लांब, कृश, केशरी कडेची. वळणावर ती सावली आधी पाण्यात उतरली, थरथरली, फुटली, पुन्हा जुळली, आणि लाटांवरून, तशीच, पुढे जात राहिली.