गल्लीचं एकमत

चौकशीबाईवर थोरलीचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. आता थोरलीचा विश्वास जगात कुणावर होता म्हणाल, तर तोही एक प्रश्नच. दुधात पाणी, तराजूत पाप आणि गोड बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं, हे तिचं कायमचं गणित. त्यात ही बाई भलतीच गोड. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पायांत मळके बूट. कुणी पाणी दिलं की "बसते हं जरा" म्हणत खुशाल उंबऱ्यावर टेकायची, माहेरी आल्यासारखी. विद्यापीठातून आलेय, तुमच्या गल्लीचा अभ्यास करतेय, असं सांगायची. गल्लीनं तिचं नाव चौकशीबाई ठेवलं ते काही उगाच नाही.

गल्ली होती पत्र्याच्या ट्रंका करणाऱ्यांची. या टोकानं कोरा पत्रा आत शिरायचा आणि त्या टोकानं रंगवलेली ट्रंक बाहेर पडायची. मधली सगळी वाट घराघरांतून. थोरलीकडे पत्रा कापून कडा वळवायच्या, पुढच्या घरात रिव्हेट, त्यापुढे बिजागऱ्या. मग ट्रंक फिरून यायची थोरलीच्या शेजारी, तिच्या धाकट्या जावेकडे, कडी-कोयंडा लावायला. शेवटी रंगाऱ्याची शेड. अख्खी ट्रंक एकट्यानं करील असं एकही घर गल्लीत नव्हतं, आणि आपल्याला ती यावी असं कुणाला कधी वाटलंही नव्हतं. कशाला वाटेल? शेजारी होता ना.

तर ही गल्ली जाणार होती. वरून पूल यायचा होता. बदल्यात घरं मिळणार हे पक्कं, पण शहराच्या तीन टोकांना तीन इमारती, आणि माणसं एकत्र ठेवायची की पांगवायची हे ठरायचं होतं. त्यासाठीच पुनर्वसन कार्यालयानं विद्यापीठाला पाहणी करायला सांगितली होती. चौकशीबाईनं हे सगळं पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं. पण सरळ बोललेलं थोरलीला तिरकंच ऐकू यायचं.

त्याला कारणही होतं. तिचा नवरा होता तेव्हा असाच एक सभ्य माणूस आला होता. तुमच्याकडे कुणाच्या शब्दाला वजन आहे हो, असं कौतुकानं विचारत फिरला. गल्लीनं छाती फुगवून थोरलीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. पुढच्याच आठवड्यात गल्लीमागची भट्टी पाडायला माणसं आली, आणि गडबड नको म्हणून आदल्या दिवशीच पोलिसांनी त्याला उचलून नेलं. तो परत आला तो खोकला घेऊन, आणि त्या खोकल्यानंच पुढे तो गेला. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. थोरली तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

तिनं सगळ्यांना रंगाऱ्याच्या शेडमध्ये गोळा केलं.

"नीट ऐका. ती विचारील, अडीअडचणीला कुणाकडे जाता. म्हणायचं, कुणाकडे नाही. शेजारी कसे आहेत? ओळख आहे, बास. आमचं आम्ही बघतो. कोण कुणाला धरून आहे हे त्यांना कळलं की आधी तेच तोडतील."

"आणि सगळ्या घरांच्या किल्ल्या माझ्या खिळ्याला असतात त्याचं काय करू?" रंगाऱ्यानं विचारलं.

"रंगाच्या डब्यात बुडव."

लोक हसले. धाकटी तेवढी हसली नाही. तिचा नवरा ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी थोरलीनं घातली होती, आणि मूल राहता राहता गेलं तेव्हा उशाशी थोरलीच बसून होती.

"पण जाऊबाई," धाकटी म्हणाली, "हे खोटं नाही का होणार?"

"अगं, खोटं कुठलं? गप्प बसण्याची ही जरा लांबलचक पद्धत आहे, एवढंच."

गल्लीला हे पटलं. थोरलीनं सांगितलं म्हणजे झालं. चौकशीबाई एकेका दारात बसली, आणि एकेका दारानं तेच सांगितलं. आमचं आम्ही. ओळख आहे, बास. रंगाऱ्यानं तर शेजाऱ्याचं नाव आठवत नाही असं सांगितलं, आणि वर डोकं खाजवून दाखवलं.

मग चौकशीबाई धाकटीकडे गेली. दोघी जावांच्या घरांमध्ये भिंत म्हणजे एक पत्रा. थोरलीनं हातोडा थांबवला. पण हातोडा थांबला की थोरली कान देऊन बसलीय हे गल्लीला कळणार, म्हणून अधूनमधून रिकाम्या पत्र्यावर एखादा टोला हाणत राहिली. पलीकडे कप वाजले. हसण्याचा आवाज आला. मग धाकटीच्या तोंडून "जाऊबाई" आलं, थोड्या वेळानं पुन्हा आलं, आणि त्यानंतर बराच वेळ ती हळू आवाजात काहीतरी सांगत राहिली. एवढा वेळ "कुणी नाही" म्हणायला लागत नाही.

चौकशीबाईची पाठ वळली तशी थोरली धाकटीच्या दारात उभी.

"काय सांगितलंस?"

"विचारलं ते सांगितलं."

"मी सांगितलं होतं ते?"

धाकटीनं कोयंड्यावरून नजर काढली नाही. "जाऊबाई, बोलू नका, तिरका बसेल."

थोरली काय समजायचं ते समजली. धाकटीच्या पोटात तीळ भिजत नाही, हे तिला काय आज कळत होतं? पण संशयाला तेवढ्यावर राहवत नाही. एवढं हसणं-खिदळणं कशाचं? चहा कशासाठी? फुकट कुणी कुणाशी इतका वेळ बसत नाही. हिनं स्वतःची सोय लावून घेतली, खालच्या मजल्यावरचं घर पदरात पाडून घेतलं, असं थोरली रंगाऱ्याजवळ बोलली. नुसतं "मला आपलं वाटतं" म्हणून बोलली. रंगारी ते बिजागरीवाल्यांकडे बोलला, आणि दिवे लागेपर्यंत धाकटीच्या नव्या घराला खिडक्या किती, इथवर गोष्ट गेली होती.

मग धाकटीच्या ओट्यावर ट्रंका यायच्या थांबल्या. कुणी ठराव केला नाही, कुणी भांडलं नाही. कडी-कोयंडे बिजागरीवालेच लावायला लागले, वेडेवाकडे का होईना. धाकटी एकदा आली.

"जाऊबाई, माझ्याकडे काम येईना."

"तुला आता काम काय करायचंय? तुझी सोय झालीय ना."

आपण काय केलंय हे धाकटीला खरंच कळत नव्हतं, पण थोरलीला ते नाटक वाटलं. धाकटी गेली ती परत आली नाही.

एके दुपारी धाकटीच्या पायावर पत्र्याची पट्टी पडली. थोरलीनं आवाज ऐकला, किंकाळी ऐकली. ती उठली, पायात चप्पल घातली, आणि परत काढली. थोड्या वेळानं फडकं बांधलेला पाय ओढत धाकटी गल्लीतून दवाखान्याकडे जाताना दिसली. एकटीच. दारादारांतून लोक बघत होते. थोरलीला फार वाईट वाटलं. पण आपण गेलो तर गल्ली काय म्हणेल, हाही एक विचार होताच. गल्लीला तिनंच तसं शिकवलं होतं.

कार्यालयाचा कागद आला तो त्यानंतर. कोपऱ्यावरच्या खांबाला चिकटवला होता. या वस्तीतल्या कुटुंबांचा एकमेकांशी विशेष संबंध नसल्याचं पाहणीत दिसून आलं आहे, सबब तिन्ही इमारतींतली घरं चिठ्ठ्या टाकून दिली जातील. रंगाऱ्यानं मोठ्यानं वाचलं आणि वाचून झाल्यावर तसाच उभा राहिला. कापणारा एका टोकाला, रिव्हेटवाला दुसऱ्या, रंगारी तिसऱ्या. म्हणजे ट्रंक संपली.

गल्ली चौकशीबाईला शोधायला निघायच्या बेतात होती, तेवढ्यात तीच आली. तिचाही चेहरा उतरलेला. शेडमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगितलंत ना. एक जण नाही, दोन जण नाही, अख्खी गल्ली."

"आम्ही खोटं बोललो, बाई," रंगारी म्हणाला. "सगळे मिळून ठरवून बोललो."

"सगळे मिळून?" चौकशीबाईनं विचारलं. तिला हसावं की रडावं कळेना. "ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ती माणसं इतकं एका सुरात बोलतील का? मला तेव्हाच कळायला हवं होतं. माझंच चुकलं."

"मग बदला ना आता."

"आता काय सांगून बदलू? कार्यालय म्हणेल, चिठ्ठ्या नकोत म्हणून पलटले." तिनं पिशवीतली वही काढून चाळली. "एक वाट आहे. एका घरानं वेगळं सांगितलं होतं. खरं वाटावं असं, मनापासून. एकच घर होतं म्हणून आम्ही ते धरलं नाही. त्या घराशी मी उद्या परत बोलते. त्यांनी तेच सांगितलं तर सगळी पाहणी नव्यानं करा म्हणून मला भांडता येईल. पण नाही सांगितलं, तर माझ्या हातात काही नाही."

"कुठलं घर?" कुणीतरी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. आणि कुणी कुणाला पढवायचं नाही. पढवलेलं निघालं तर ती मुलाखत बाद."

सांगायची गरजच नव्हती. शेडमध्ये सगळी घरं हजर होती, एक सोडून. त्या घराला बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. थोरली मान खाली घालून बसली. सोय लावली नव्हती, घर मागितलं नव्हतं. तिनं फक्त खरं सांगितलं होतं, आणि ते खरं म्हणजे आपणच होतो. थोरलीला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी ती धाकटीच्या दारात गेली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण वाट होती दोन पावलांची. धाकटीनं दार उघडलं, अर्धंच.

"पाय कसा आहे गं?"

"बरा आहे."

"दाखव बघू."

"उद्या त्या येणार आहेत म्हणून विचारताय?" धाकटीनं शांतपणे विचारलं. रंगारी दारावरून जाता जाता तिला सगळं सांगून गेला होता.

नाही, असं थोरलीनं म्हणायला हवं होतं. पण ते पुरतं खरं नव्हतं, आणि नेमकं त्याच वेळी तिला खोटं बोलता येईना. धाकटीनं थोडा वेळ वाट बघितली, आणि मग दार लावून घेतलं. थोरलीची सगळी विद्या धाकटीनं घेतली होती म्हणायची. आता तीही गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे संशयानं बघायला लागली होती.

सकाळी चौकशीबाई आली. सरळ धाकटीकडे गेली. गल्लीत एकही हातोडा वाजत नव्हता. थोरली पत्र्याला कान लावून बसली. या खेपेला खोटे टोलेही नाहीत.

"मागच्या वेळी तुम्हाला एक विचारलं होतं. अडीअडचणीला तुम्ही कुणाकडे जाता?"

"मी जाऊबाईंचं नाव सांगितलं होतं."

"हो."

"तेव्हा ते खरं होतं."

"आणि आता?"

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"परवा पाय कापला, तेव्हा मी एकटी दवाखान्यात गेले," धाकटी म्हणाली. "सगळी दारं उघडी होती. कुणाकडे नाही, असं लिहा. तुम्हाला ते नको आहे, मला कळतंय. पण आता तसंच आहे."

चौकशीबाई बाहेर आली तेव्हा गल्ली दारादारांत उभी होती. ती थोरलीच्या उंबऱ्याशी थांबली. या वेळी टेकली मात्र नाही.

"काल संध्याकाळी तुम्ही यांच्या दारात होता, असं ऐकलं," ती हळूच म्हणाली. "खरं सांगा. असं बोल म्हणून तुम्ही सांगितलंत का त्यांना? तसं असेल तर ही मुलाखत मी बाद करते. मग मागचीच राहील, आणि तिच्यावर मला भांडता येईल."

रंगारी थोरलीकडे बघून जोरजोरात मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण. एका शब्दाचं काम होतं. अख्ख्या गल्लीला खोटं बोलायला लावणाऱ्या बाईला आणखी एक खोटं ते काय जड. पण त्या खोट्यात धाकटी पुन्हा एकदा पढवलेली, फितलेली ठरणार होती, आणि पत्र्यापलीकडे बसून ती ते ऐकणार होती.

"नाही," थोरली म्हणाली. "मी काही सांगितलं नाही. ती बोलली ते खरं आहे."