मागचा डावा कोपरा रिकामा

“अहो, वरच्या मजल्यावरच्या परीक्षकांना म्हणे हल्ली काही ऐकूच…”

तळमजल्यावरच्या काकूंचं बोलणं जिन्यातून इथवर आलं आणि वहिनींनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, दार लावून घेतलं. पुढचं राहिलंच. मला मात्र ते ऐकायची गरज नव्हती. मी मागचा डावा स्पीकर बोलतोय. गेलं वर्षभर हीच गोष्ट मी मनात ठेवून बसलोय.

आम्ही पाच भावंडं. तिघं समोर, मी नि उजवा पाठीमागे. मधोमध मालकांची खुर्ची, तिच्या पायांभोवती खडूच्या खुणा. खुर्ची बोटभरही हलवायची नाही. गाण्यातला कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून यावा ते, म्हणजे मिक्सिंग, नीट बसवलंय का, हे तिथे बसून तपासायचं आणि मासिकात दहापैकी गुण द्यायचे, हे मालकांचं काम. समोरच्यांचा थाट मोठा, गाणारा त्यांच्यातून गातो. आमच्या वाट्याला मागची बारीकसारीक कामं. पण त्यातलं एक जरी चुकलं, तरी मालक खुर्चीतून ताडकन उठायचे. केवढा अभिमान होता मला त्या कानांचा!

धूळ पुसताना वहिनी मला म्हणायच्या, “तुझं बरंय बाबा, तुझं बोलणं ऐकून तरी घेतात.”

काम सुरू करण्याआधी रोज तपासणी असे. एकेकाने ‘फस्स’ करायचं, ऐकू आलं की मालक बोट वर करणार. माझा नंबर शेवटचा. एक दिवस मी आवाज काढायच्या आधीच बोट वर गेलं. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा कळलं. मालक ऐकत नव्हते, मोजत होते.

अशातच त्यांच्या जुन्या शिष्येचा अल्बम आला. तिने पहिल्यांदाच एकटीने बसवलेला. त्यातल्या एका गाण्यात लहान मुलांचं सगळं कोरस तिने एकट्या माझ्याकडे दिलं होतं. मी जीव तोडून गायलो.

“अहो, पोरं किती गोड गातायत!” वहिनी आतून म्हणाल्या.

“स्वयंपाकघरातून मिक्सिंग कळत नसतं,” मालक म्हणाले आणि त्यांनी लिहिलं, ‘मागचा डावा कोपरा रिकामा. आळशी काम. दहापैकी तीन.’

महिन्याभराने ती स्वतः आली. तो अंक वाचून कंपनीने पुढच्या अल्बमचं काम तिच्याकडून काढून घेतलं होतं.

“सर, गुण कमी द्या हो. पण कोपरा रिकामा?”

“तीस वर्षं ऐकतोय मी.”

तिने वाद घातला नाही. “जरा उठता?” म्हणाली आणि खुर्ची उलटी फिरवली. खडूच्या खुणा पुसल्या गेल्या. आता मी मालकांच्या समोर, उजव्या हाताला आलो. तिने तेच गाणं लावलं.

“ही पोरं कुठून आली?” मालकांनी विचारलं.

“तिथेच होती, सर.”

जिंकली होती ती, पण रडत होती. मालकांचा हात हळूच डाव्या कानाकडे गेला.

त्याच दिवशी मालकांनी संपादकांना फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “दुरुस्ती? छापू की, जागा उरली तर.” छापली ती शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. तिचं काम तोवर दुसऱ्याला गेलं होतं. ती पुन्हा आली नाही. मालकांनी लिहिणं सोडलं.

माझी चारही भावंडं आता खोक्यात घालून माळ्यावर टाकलीत. मला तेवढं खुर्चीच्या उजवीकडे, टेबलावर ठेवलंय. रोज दुपारी मालक तेच गाणं लावतात. माझ्याजवळ गाणं कुठलं, नुसतं कोरस. बराच वेळ शांतता, मग चार ओळी पोरं गातात, परत शांतता. मालक ती सगळी शांतताही बसून ऐकतात.

बाबांनो, कुणाच्या कामाला रिकामं म्हणायच्या आधी आपली खुर्ची एकदा फिरवून बघा. माझं एवढंच मागणं आहे, तेही उशिरा सुचलेलं.

काल काकू वाटी परत करायला आल्या. खुर्चीच्या डावीकडे उभ्या राहून त्यांनी मुद्दाम मोठ्याने विचारलं, “काय भाऊ, बरंय ना?”

“बरंय, बरंय,” मालक म्हणाले.

“अगं बाई, ऐकू येतं की यांना! लोक काहीही उठवतात!”

वहिनींनी मान खाली घालून वाटी घेतली. उजव्या कानानेच सगळं ऐकणारे मालक माझ्याकडे तोंड करून हसत होते. “उभ्या का, काकू? बसा ना,” ते मला म्हणत होते.