दोन मुठींची करवत

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो, आणि मैत्री या विषयावर माझ्याइतक्या अधिकाराने बोलू शकेल असं दुसरं कोणी या जगात नाही. हे मी एका खानावळीच्या भिंतीवरून सांगते आहे. माझ्या डावीकडे फाटकी छत्री टांगली आहे, उजवीकडे फुटका कंदील. आम्हा तिघांना मिळून इथे सजावट म्हणतात.

माझी बनावट आधी समजून घ्या. माणसाच्या उंचीएवढं लांब पातं आणि दोन्ही टोकांना एकेक लाकडी मूठ. मला चालवायला दोन माणसं लागतात. आधी एकाने ओढायचं, मग दुसऱ्याने ओढायचं. ढकलायचं कोणीच नाही. आपलं ओढून झालं की हात सैल सोडायचा आणि समोरचा ओढेल यावर भरवसा ठेवायचा. ढकललं की माझं पातं वाकतं. संसाराचंही असंच असतं, असं वखारीचा मुकादम म्हणायचा. त्याची बायको कायम माहेरी असायची.

लोहाराने मला पोलादाच्या पट्टीतून कापलं, कानशीने एकेक दात घासला आणि "दोन पिढ्या बघायला नको" असं सांगून लाकडाच्या वखारीत विकलं. तिथे माझ्या एका मुठीला शिडी होता आणि दुसरीला ओंडका. ही त्यांची वखारीतली नावं. शिडी उंच, हडकुळा आणि बोलका. ओंडका रुंद आणि गप्प. मागून पाहिलं तर माल कुठला आणि कामगार कुठला हे कळत नसे. शिडीला भावांनी घरातून हाकललं होतं. ओंडक्याला हाकलायलाही कोणी नव्हतं. दोघं वखारीतल्याच पत्र्याच्या खोलीत राहायचे. त्या खोलीला खिडकी नव्हती.

माझी खरी उमेदीची वर्षं ती, मित्रांनो. ओंडक्याच्या अंगठ्याने त्याच्या मुठीला खळगा पडला होता, आणि दुसऱ्या कोणी ती मूठ धरली तर मला परक्या माणसाने हात धरल्यासारखं व्हायचं. काम लयीत आलं की ओंडका बोलायचा.

"शिड्या, सांग ना."

"काय सांगू?"

"दुकानाचं."

"काल सांगितलं की."

"काल कपाटापाशी थांबलास."

मग शिडी सांगायचा. खुर्च्यांचं दुकान, रस्त्याला लागून. पुढे खुर्च्या, मागे आपण दोघं. मालक म्हणून कोणी नाही, आणि असलाच तर एक दिवस तू, एक दिवस मी.

"आणि खिडकी," ओंडका म्हणायचा.

"आणि खिडकी, बाबा. तू मावशील एवढी."

"मला कशाला मावायचंय? बसून बघायचं. कुणी हात केला तर आपणही करायचा."

कामगारांना जेवण घालणारी मावशी एकदा हे ऐकत उभी राहिली. "मला एक कोपरा द्याल का रे त्यात? स्टोव्ह ठेवीन. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की चहा मागतंच."

"मावशी, दारातला कोपरा तुमचा," शिडी म्हणाला. दुकान नव्हतंच, त्यामुळे कोपरे भरपूर होते.

पण फळ्या होत्या. गाठ आलेली फळी गिऱ्हाईक घेत नाही. मालक म्हणायचा, "न्या रे, चुलीत घाला." या दोघांनी एकही चुलीत घातली नाही. खोलीमागे ताडपत्रीखाली त्यांची रास वाढत गेली. दुकानाच्या भिंती त्यातून उभ्या राहणार होत्या. ओंडका प्रत्येक गाठ ओळखायचा. ही डोळ्यासारखी, ही बटाट्यासारखी, ही मुकादमाच्या नाकासारखी.

मग वखारीत विजेचं मशीन आलं. माझं आठवड्याचं काम ते दुपारपर्यंत उरकायचं आणि त्याला कोणाशी बोलावं लागत नसे. त्यावर एकच माणूस हवा होता. मालकाने शिडीला घेतलं. ओंडक्याला हमालीला लावलं.

"थोडेच दिवस," शिडी म्हणाला. "मशीनवर पगार जास्त आहे. दुकान लवकर होईल."

"बरं."

"रागावलास का?"

"नाही. करवत कोण ओढणार?"

"आता करवत लागत नाही रे."

"बरं," ओंडका म्हणाला.

दुपारच्या सुट्टीत तो मला खुंटीवरून काढायचा. एका टोकाने ओढायचा, मग कापायच्या लाकडाला वळसा घालून पलीकडे जायचा आणि तिथून ओढायचा. मग पुन्हा अलीकडे. माणसं डबे उघडून बघत बसायची.

"अरे, तो बघ, स्वतःलाच भेटायला निघालाय."

"भेट होऊ दे रे, बिचारा कधीचा चालतोय."

सगळे हसले. त्यात शिडी होता. तोही थोडंसं हसला, सगळे हसतात म्हणून. ओंडक्याने ते पाहिलं. या वेळी तो पलीकडे गेला नाही. जागेवर उभा राहिला आणि त्याने मला ढकललं.

माझ्या पात्याला मध्यावर जो बाक आहे, तो त्या दुपारचा. इथली गिऱ्हाइकं तो गंजाने आला असं समजतात.

थोड्याच दिवसांत मशीनला आडोसा करायचं निघालं. मालकाने मागची ताडपत्री उचलून विचारलं, "या फळ्या कुणाच्या रे?"

मालक शिडीला मुकादम करणार अशी त्या सुमाराला बोलवा होती. शिडीने माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं.

"कुणाच्याच नाहीत, साहेब," तो म्हणाला.

ओंडका माल पोचवून आला तेव्हा शेड उभी होती. त्याने भिंतीवरून हात फिरवला. डोळा सापडला, बटाटा सापडला. नाक उलटं ठोकलं होतं.

"चांगली झालीय," तो म्हणाला.

"ओंडक्या, ऐक जरा. मी मुकादम झालो ना, की आपल्याला हव्या तेवढ्या फळ्या..."

"खिडकी ठेवलीस?"

"मशीनला कशाला हवी खिडकी?"

"बरं."

सकाळी त्याची पिशवी नव्हती. तोही नव्हता. शिडीने फाटकापर्यंत जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मशीन सुरू करायला परत आला. मुकादम तो झाला नाही. मालकाचा मेहुणा झाला.

पुढचं माझं आयुष्य तुम्हाला ठाऊक असल्यासारखंच आहे. गंज, कोपरा, भंगार. वखार बंद पडली तेव्हा मावशीने तिच्या फाटकासमोर खानावळ थाटली होती. तिने मला भंगारवाल्याच्या गाडीवरून उचलून आणलं. मित्रांनो, अवजारांना तेल लावत जा, त्यांना ओलीत टाकू नका. आणि दोघांनी मिळून जमवलेल्या गोष्टीबद्दल कोणी विचारलं, तर निदान "विचारून सांगतो" एवढं तरी म्हणत जा.

परवा शिडी आला. केस पांढरे, पाठीत वाक. माझ्याखालच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसला.

"आहेस का अजून?" मावशी म्हणाली.

"आहे की. ओंडका आला होता का कधी?"

"नाही रे."

त्याने वर पाहिलं. "हिची दुसरी मूठ?"

"काढली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्याला लागायची."

"खळगा होता का तिच्यात? अंगठ्याचा?"

"असेल. मागे संडासाच्या दाराला बसवलीय. जा, बघ."

माझ्या जागेवरून ते दार दिसतं. शिडीने मूठ धरली. त्याचा अंगठा त्या खळग्यात फारच बारीक दिसत होता. त्याने दार ओढलं आणि हात सैल सोडला. मूठ त्याच्या हातातच पलीकडे गेली. त्याने पुन्हा ओढलं, पुन्हा सैल सोडलं. पुन्हा पलीकडून ओढलं गेलं.

"आजोबा, जायचं असेल तर जा, नाहीतर सरका," मागचा माणूस म्हणाला.

दाराला स्प्रिंग आहे. कोणीही सोडलं तरी ते परत जातं.