बेलण्याचा दस्ता

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपायच्या आदल्या वर्षी मी बारा वर्षांची होते. नांदेडच्या आमच्या मुलींच्या शाळेत बोरूचं टोक माझ्याइतकं नीट कुणालाच काढता येत नव्हतं. सकाळी मराठी असायची, दुपारी उर्दू. कागदाची इतकी टंचाई होती की दोन्ही विषयांना एकच वही असे. पुढून मराठी लिहायची, डावीकडून उजवीकडे. वही उलटी करून मागून उर्दू, उजवीकडून डावीकडे. वर्ष संपायच्या सुमारास दोघी मध्ये कुठंतरी भेटायच्या.

उर्दूचा बोरू तिरका कापावा लागतो. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत माझ्यापुढं रांग लावायच्या. ते कळलं म्हणून रेणुकादासमामानं मला चाकू दिला.

मामा अहमदपूरकडं गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवर देखरेख करणारा महसुली अंमलदार होता. घोडीवरून गावोगाव फिरायचा आणि महिन्या-पंधरा दिवसांनी कामासाठी नांदेडला आला की आमच्याकडं उतरायचा. तो चाकू त्यानं सिकंदराबादच्या लष्करी बाजारातून आणला होता. मिटला तर माझ्या मुठीत मावायचा आणि उघडला तर खेकड्यासारखा दिसायचा. मोठं पातं, लहान पातं, कात्री, टोच्या, पेचकस, डबा फोडायचं नख आणि एक पिळाचा आकडा, अशी सात हत्यारं त्यात होती. पिळाचा आकडा कशाला असतो ते कुणाला सांगता येईना. वडिलांना ठाऊक असावं, कारण ते उगीच खाकरले आणि म्हणाले, "औषधाच्या बाटलीचं बूच काढायला." मामा खिडकीतून बाहेर बघून हसला. आत्यानं त्या आकड्याचं नाव ठेवलं डुकराची शेपटी.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, गुणाबाई. मोठी माणसं तिला अक्का म्हणत. लहानपणी विधवा होऊन जळकोटहून माहेरी आली, तेव्हापासून आमचं स्वयंपाकघर तिच्या हातात होतं. सोवळं इतकं कडक की मांजरसुद्धा उंबऱ्याशी थबकायचं.

तिनं चाकू दुरूनच पाहिला. "दासराव, याची मूठ कशाची हाय?"

"शिंगाची, अक्का. अस्सल सांबरशिंग."

मामानं कौतुकानं सांगितलं आणि तिथंच घात झाला.

"सौदामिनी! खाली ठेव ते आधी. शिंगाला शिवलीस, आता अंघोळ करून ये."

मी अंघोळ करून आले. चाकू पुन्हा हातात घेतला. पुन्हा अंघोळ. चार दिवसांत माझ्या इतक्या अंघोळी झाल्या की आई म्हणाली, "वन्सं, पोरीचा रंग उतरून राहिला." आत्या म्हणाली, "उतरू दे. खालून शहाणी पोरगी निघते का बघू."

शेवटी तिनं निकाल दिला. ज्या हातात शिंग, त्या हाताला भाजी, पाणी, पोळी काही मिळणार नाही. मामा पुढच्या फेरीला आला की चाकू परत.

मामा निघता निघता मला म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको, सौदा. आमच्या पेशकाराचा याच्यावर डोळा हाय. त्याला देऊन टाकीन."

पेशकाराला, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणाऱ्या कारकुनाला, मी पाहिलं होतं. दिवसभर साहेबाला सुपारी फोडून देणाऱ्या त्या माणसाच्या हातात माझा चाकू जाणार, ही कल्पनाच मला सोसवेना.

"मामा, मूठ शिंगाची नसली तर?"

मामानं आत्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, "नसली तर मग बघू." मामानं लगेच टाळी वाजवली. "सौदा पक्का!" माझ्या नावावरचा त्याचा हा विनोद शंभराव्यांदा झाला असेल, पण त्या दिवशी तो मला आवडला.

मामा या खेपेला बारा दिवसांनी येणार होता. तेवढेच दिवस माझ्याकडं होते.

गुरुद्वाऱ्याच्या बाजूला सुंदरसिंग बाबांचं दुकान होतं. दुकान म्हणजे कडुलिंबाचं झाड, ऐरण आणि धारेची सहाण. कृपाणांना ते मुठी बसवत आणि गावातल्या विळ्यांनाही धार लावून देत. आमची विळी मीच घेऊन जायची, त्यामुळं ओळख होती. चाकू बघून त्यांनी सातही हत्यारं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"अच्छी चीज है, बेटी. क्या करना?"

"शिंग काढायचंय."

"काय कू? इतना अच्छा सींग!"

मी आत्याची गोष्ट सांगितली. बाबा दाढीतून हसत म्हणाले, "हौ, तो दस्ता बदलना पड़ेगा. दस्ता ले को आ. मैं सिखाता, तू बना. मैं हात नहीं लगाने का."

दस्ता! तो शब्द मला चांगला माहीत होता. उर्दूचे मौलवीसाहेब दर महिन्याला सांगायचेच, एक दस्ता कागज लाओ. चोवीस ताव. चाकूला कागद कशाला, हे मला कोडं पडलं. पण लाख, सरस, कागदाचा लगदा असलं काहीतरी करत असतील, अशी मी माझी समजूत घातली. वडील कचेरीत कारकून. त्यांच्या पेटीत लढाईच्या दिवसांतला, जिवापाड जपलेला कोरा दस्ता होता. तो मी परकराच्या ओच्यात लपवून, धापा टाकत लिंबाखाली नेऊन ठेवला.

बाबांनी एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग सहाण फिरवायची थांबवून शेजारच्या टांगेवाल्याला हाक मारली. "अरे देख, चाकू कू कागज का दस्ता लाई! सब्जी काटेगी या अर्जी लिखेगी?"

टांगेवाला इतका हसला की त्याचं घोडं पुढं चाललं.

मी रडकुंडीला आले. तेव्हा बाबांनी कृपाणाची मूठ माझ्यापुढं धरली. "ये दस्ता. मूठ, मूठ! तेरे मराठी में मूठ. लकड़ी का बनाना है." आणि डोळे पुसत म्हणाले, "शुक्र है, हावनदस्ता नहीं लाई."

हावनदस्ता म्हणजे आमचा खलबत्ता. कागद परत पेटीत ठेवायला पळत येताना तोच शब्द डोक्यात घुमत होता. खलबत्ता, फळी, स्वयंपाकघर. आणि एकदम मला सुचलं. लाकूड तर पाहिजेच, पण बाजारातलं लाकूड आणलं तर आत्या विचारणार, कुणी तोडलं, कुणी शिवलं, कशावर पडलं होतं. घरातलं सगळ्यांत शुद्ध लाकूड कुठलं? जे वर्षानुवर्षं आत्याच्या सोवळ्यातच आहे ते!

वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागं, आत्याचं एक जुनं बेलणं पडून होतं. पुण्याकडचे लोक लाटणं म्हणतात, आम्ही बेलणं. चांगलं जाडजूड, शिसवी. एका टोकाला तडा गेलेला आणि मधे चुलीच्या निखाऱ्यानं पडलेला रुपयाएवढा काळा डाग. रोजच्या पोळ्यांना दुसरं होतं. याला दोन-तीन वर्षांत कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

आत्या पुराणाला गेली आणि मी ते काढलं.

बेलणं बघून बाबा गंभीर झाले. "पूछ को लाई?"

"हौ," मी म्हणाले. आयुष्यात बाबांशी मी एवढं एकच खोटं बोलले.

करवतीनं बेलण्याचे उभे दोन भाग करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी करवत वाकडी गेली, दुसऱ्या दिवशी अंगठ्यात गेली. पण बेलणं गोल असल्याचा फायदा झाला. उभं चिरलं की आतून सपाट, बाहेरून गोलसर, मुठीला पाहिजे तसंच! तड्याचं टोक टाकून दिलं. उरलेलं चाकूच्या मापानं कापलं, काचेच्या तुकड्यानं खरवडलं, करडीचं तेल चोळलं. शिसव आतून अशी निघाली की बाबांनी नाकाशी धरून वास घेतला.

मग गुरुवारी दुपारी उर्दूचा तास संपवून मी चाकू खोलायला बसले. पितळी मेखांची डोकी कानशीनं घासायची आणि मेखा ठोकून बाहेर काढायच्या. बाबांनी एकच ताकीद दिली होती. "जिस तरतीब से निकलेगा, उसी तरतीब से रखना. नहीं तो रोएगी." म्हणून मी फडक्यावर एकेक तुकडा क्रमानं मांडला. मोठं पातं पहिलं, मग कमानी, मग डुकराची शेपटी, मग पत्रा, मग कात्री, असं शेवटपर्यंत. शिंगाच्या दोन पट्ट्या बाजूला ठेवल्या. अंधार पडायला लागला तसं फडकं तसंच पाटीखाली झाकून मी घरी गेले.

शुक्रवार म्हणजे आमच्या तेव्हाच्या संस्थानात सुट्टीचा वार. सकाळी घरी मराठीची दोन पानं लिहिली आणि उड्या मारत लिंबाखाली गेले. बाबा गुरुद्वाऱ्यात गेले होते. फडकं उघडलं, सगळं जागच्या जागी होतं. डावीकडून पहिला तुकडा उचलला, दुसरा, तिसरा. भोकात भोक जुळलं. नव्या मेखा घातल्या, वर शिसवी पट्ट्या, आणि हलक्या हातानं ठोकत ठोकत मेखांची डोकी पसरवली. लाकूड फुटलं नाही! मी चाकू उन्हात धरला. शिंगापेक्षा देखणा. एका बाजूला चुलीचा काळा डाग आला होता, तोही मला तिटेसारखा वाटला.

मग मोठं पातं उघडायला गेले. उघडेना.

पात्यावर नख अडकवायची खाच असते ना, ती दिसेचना. दुसऱ्या बाजूनं शोधली. खाच आतल्या बाजूला गेली होती, डुकराच्या शेपटीच्या आड.

बाबा आले, त्यांनी चाकू फिरवून पाहिला. "फडके पे कहाँ से रखना शुरू की थी?"

मी बोट दाखवलं. उजवीकडून.

"और आज उठाई कहाँ से?"

मी दुसरं बोट दाखवलं आणि माझं मलाच समजलं. गुरुवारी डोक्यात उर्दू होती, शुक्रवारी मराठी. अख्खा चाकू उलटा भरला गेला होता.

"वाह!" बाबा म्हणाले. "उर्दू में खोली, मराठी में बंद करी!" आणि टांगेवाल्याला पुन्हा हाक गेली.

"आता परत काढू?"

"नक्को. मेखा फिर निकाली तो लकड़ी फटेगी. देख, खुलता है. पहले दुम खोल, जगह होती, फिर पाता."

खरंच. आधी शेपटी उघडली की खाचेपर्यंत नख पोचायचं. कात्रीचंही तसंच, आधी टोच्या काढायचा. बाकीचं ठीक. लहान पातं तर पूर्वीपेक्षा सोपं उघडत होतं. बारा दिवसांपैकी अकरा संपले होते.

मामा आला तेव्हा आत्या ओसरीत शेवग्याच्या शेंगा घेऊन बसली होती. मी चाकू तिच्यासमोर पाटावर ठेवला आणि हात मागं बांधून उभी राहिले.

"शिंग न्हाई?"

"न्हाई आत्या. लाकूड हाय."

"कुठलं लाकूड? बाजारातलं असंल तर..."

"बाजारातलं न्हाई. आपल्या घरातलं."

आत्यानं वाकून पाहिलं. मग चष्मा लावून पाहिलं. तिचं बोट त्या काळ्या डागावर जाऊन थांबलं. मामानं हळूच पिशवीचं तोंड उघडून ठेवलं. पेशकार मला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

"हे माझं बेलणं हाय."

"हो," मी म्हणाले.

"जळकोटचं. सासरचं."

हे मला ठाऊक नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता नुसता चाकू नाही, मलाच पेशकाराला देऊन टाकतील.

"चाळीस माणसं होती त्या घरात," आत्या म्हणाली. "मी चौदा वर्षांची. दोन वेळा चाळीस माणसांच्या पोळ्या या बेलण्यानं लाटल्यात. निखाऱ्यात पडलं तेव्हा मला वाटलं, जळंल. मेलं न्हाई जळलं! इथं येताना सासूनं मुद्दाम बोचक्यात बांधून दिलं, आठवण म्हणून." ती डागावरून बोट फिरवत राहिली. मग तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "कापताना त्रास दिला का गं?"

"लई. तीन दिवस लागले."

"देणारच. त्या घरचं सगळंच चिवट."

आणि आत्या हसली. ती हसताना तिला ठसका लागायचा. आई पाणी आणायला धावली. मामानं संधी साधली. "मग अक्का, सोवळ्यात चालतं का हे?"

"न चालायला काय झालं? माझ्याआधीपासून सोवळ्यात हाय ते." मग तिला एकदम आठवलं. "पण सुंदरसिंगाच्या झाडाखाली फिरून आलंय. सौदे, जा, गंगेत तीनदा बुडवून आण. आणि पुसून तेल लाव, न्हाईतर गंजंल."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. मी पळत घाटावर गेले, तीन बुडव्या दिल्या, चौथी माझ्याकडून. परत आले तर आत्या शेंगा पुढ्यात घेऊन वाट बघत होती. तिनं चाकू घेतला आणि पातं उघडायला गेली.

"उघडत न्हाई हे."

"आधी डुकराची शेपटी काढावी लागते, आत्या."

"का?"

मी उर्दू-मराठीचं सगळं सांगितलं. मामा भिंतीला टेकून हसत राहिला. आत्यानं शेपटी उघडली, मग पातं उघडलं, आणि एक शेंग हातात घेऊन थांबली.

"दासराव, त्या पेशकाराला काय सांगाल?"

"सांगतो, चाकू आता वाचायला अवघड झालाय."

पुढची बावीस वर्षं आत्यानं भाज्या त्याच चाकूनं चिरल्या. शेपटीचाही उपयोग तिनंच शोधला. पाण्याच्या दोरीला बसलेल्या ओल्या गाठी त्या शेपटीनं चुटकीसरशी सुटायच्या. मुंजीत, लग्नात कुणी चाकू मागितला की ती देताना बजावायची, "आधी शेपटी, मग पातं." बायकांना वाटायचं, हाही काहीतरी सोवळ्याचाच नियम असेल, आणि त्या निमूट पाळायच्या.

आता तो माझ्याकडं आहे. परवा सून आंबा कापायला बसली आणि चाकूशी झटत म्हणाली, "आई, हा उघडतच नाही." मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं. तिनं शेपटी काढली, पातं काढलं, आणि आंबा कापला.